वॉटलची साल, कांगारूची वादी

1930 च्या दशकाच्या सुरुवातीला साउथ ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स डोंगररांगांत, इटालोवी नावाच्या खिंडीत, एक तरुण जोडपे मुक्काम ठोकून होते. मंदीचे दिवस. नवरा विहिरी खणायचा, मिळेल ते काम करायचा. त्याचे नाव रेजिनाल्ड मरे विल्यम्स. 1908 मध्ये जेम्सटाउनजवळ जन्मलेला हा माणूस पोरवयातच घर सोडून निघाला, चुनाभट्टीवर राबला आणि विल्यम वेड या मिशनऱ्याबरोबर उंट हाकत पश्चिमेचे वाळवंट फिरला. इटालोवीच्या खिंडीत त्याची गाठ एका भटक्या घोडेस्वाराशी पडली. लोक त्याला डॉलर मिक म्हणत. खरे नाव मायकेल जॉर्ज स्मिथ. मिकच्या हातात चामड्याची विद्या होती. खोगीर, लगाम, बूट, सगळे तो स्वतः करायचा. विल्यम्स त्याच्याकडून शिकला. ना शाळा, ना उमेदवारीचा करार; गुरू भटका आणि चेला कफल्लक.

पुढे मुलाचे डोळे आले ते बरे होईनात, म्हणून कुटुंबाला ॲडलेड गाठावे लागले. उपचाराला पैसे हवे होते. विल्यम्सने पशुधनाचा सम्राट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सर सिडनी किडमन यांना ओझ्याच्या जनावरांसाठी खोगिरे विकली आणि प्रॉस्पेक्ट उपनगरातल्या 5, पर्सी स्ट्रीट या घराच्या मागच्या शेडमध्ये धंदा थाटला. त्याच्या बुटाची खुबी साधी होती. वरचा सगळा भाग चामड्याच्या एकाच तुकड्याचा, शिवण फक्त टाचेमागे. शिवण जितकी कमी तितकी उसवण्याची भीती कमी, हे शहरापासून शेकडो मैल दूर राहणाऱ्या गुराख्याला समजावून सांगावे लागत नसे. माल टपालाने जायचा. 'आर. एम. विल्यम्स' हे नाव आज ऑस्ट्रेलियात मंत्र्यापासून मेंढपाळापर्यंत सगळ्यांच्या पायात असते. मधल्या काळात या कंपनीतला निम्म्याच्या जवळचा हिस्सा फ्रान्सच्या लुई व्हितॉं समूहाशी संबंधित भांडवलाकडे गेला आणि 2020 मध्ये खाणमालक अँड्र्यू फॉरेस्ट यांच्या गुंतवणूक कंपनीने ती पुन्हा ऑस्ट्रेलियन मालकीत आणली.

ही गोष्ट तिथे इतक्या वेळा सांगितली जाते की ऑस्ट्रेलियातले चर्मकाम जणू त्या शेडमध्येच जन्मले असे वाटावे. प्रत्यक्षात विल्यम्सच्या हाती आलेले कसब कितीतरी जुने होते, आणि ज्या चामड्यावर ते चालले त्याचा प्रवास तर कसबापेक्षाही वेधक आहे. कसब या देशात टिकले. चामडे मात्र हळूहळू देशाबाहेर गेले.

सगळ्यात जुने शिवणकाम अर्थातच मूळ रहिवाशांचे. आग्नेय ऑस्ट्रेलियातल्या थंड प्रदेशात पॉसमच्या कातड्यांची घोंगडीवजा वस्त्रे वापरत. पॉसम म्हणजे रात्री झाडावर वावरणारा, मांजराएवढा शिशुधानी प्राणी. कातडे सालीच्या फळीवर खुंट्या ठोकून ताणायचे, दगडाने किंवा शिंपल्याने खरवडायचे, चरबी आणि गेरू चोळून मऊ करायचे. हाडाच्या आरीने भोके पाडायची आणि कांगारूच्या शेपटीतल्या स्नायुतंतूंनी शिवायचे. आतल्या बाजूवर कुळाची, प्रदेशाची चिन्हे कोरलेली असत. बाळ त्यात गुंडाळले जाई आणि मृतदेहही. वसाहतवाल्यांनी सरकारी ब्लँकेटे वाटायला सुरुवात केली आणि ही वस्त्रे मागे पडली; ब्लँकेट पावसात भिजते, पॉसमचे कातडे भिजत नाही, हा फरक ज्यांनी अंगावर सोसला त्यांना विचारले कोणी? एकोणिसाव्या शतकातली अशी जेमतेम काही वस्त्रे जगात उरली आहेत. मेलबर्नच्या संग्रहालयात दोन आहेत: 1853 मधले मेडन्स पंट येथले आणि 1872 मधले लेक कोंडा येथले. 1999 मध्ये विकी आणि डेब्रा कझन्स, ली डॅरॉक आणि ट्रेआना हॅम या कलावतींनी ती पाहिली आणि तशी नवी वस्त्रे करायचे ठरवले. 2006 च्या मेलबर्न राष्ट्रकुल स्पर्धांच्या उद्घाटनाला व्हिक्टोरियातल्या अनेक भाषिक गटांचे ज्येष्ठ तशी वस्त्रे लेवून उभे होते.

त्यांना कातडी मात्र न्यूझीलंडहून आणावी लागली. ऑस्ट्रेलियात पॉसमला कायद्याचे संरक्षण आहे. न्यूझीलंडमध्ये तो बाहेरून आलेला उपद्रवी प्राणी, त्यामुळे तिथे मुबलक मिळतो. देशातली सर्वांत जुनी चर्मकला शिकायची तर कच्चा माल आयात करायचा.

1788 मध्ये पहिला इंग्रजी गलबतांचा तांडा सिडनीला लागला तेव्हा वसाहतीची अवस्था बिकट होती. जोडे फाटले की नवे येईपर्यंत अनवाणी. गुरे थोडी, आणि जी होती ती कापायला परवडत नव्हती. व्हॅन डिमन्स लँडमध्ये, म्हणजे आजच्या टास्मानियात, शिकारी आणि पळपुटे कैदी कांगारूच्या कातड्याचे कपडे नि जोडे घालून रानात हिंडत. सिडनीत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जेम्स विल्शर याने चामडे कमावण्याचा कारखाना चालवला. त्याचा मुलगा जेम्स रॉबर्ट याच धंद्यातला. तो 1843 मध्ये सिडनीचा महापौर झाला. ज्या काळात महाराष्ट्रात ढोर आणि चांभार वस्त्या गावाच्या कडेला ढकललेल्या होत्या, त्याच काळात तिकडे कातडी भिजवणाऱ्याचा मुलगा नगराच्या पहिल्या खुर्चीत बसला. वासाचा विटाळ तिकडेही होताच. पण तो कारखान्याला होता, माणसाच्या जन्माला नव्हता.

कातडे कमवायचे तर टॅनिन लागते, आणि ते पुरवायला ऑस्ट्रेलियाचे रान तयारच होते. वॉटल हे बाभळीच्या गोतातले झाड. कोल्हापुरी चपलेचे चामडे ज्या बाभळीच्या सालीत आणि हिरड्याच्या पाण्यात मुरते, तिची ही दूरची भावंडे. दोघांच्या शास्त्रीय नावाचा पहिला शब्द परवापरवापर्यंत एकच होता, ॲकेशिया. 2005 मध्ये व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत ते नाव ऑस्ट्रेलियन झाडांकडे ठेवण्याचा निर्णय झाला आणि आपल्या बाभळीला वाशेलिया या नव्या नावावर समाधान मानावे लागले. सोनेरी वॉटल आणि काळा वॉटल यांच्या उत्तम सालीत वजनाच्या 40 टक्क्यांच्या आसपास टॅनिन सापडते. इंग्लंडातले चामडेवाले ज्या ओकच्या सालीवर पिढ्यानपिढ्या काम करत आले, तिच्यात याच्या पासंगालाही पुरेल इतके नसते. साहजिकच गठ्ठेच्या गठ्ठे साल जहाजांनी इंग्लंडला जाऊ लागली.

सोलणाऱ्यांना झाडाची फिकीर नव्हती. वसंतात, खोडात रस चढला की साल सुटी होते. मग झाड पाडायचे, साल ओरबाडायची, लाकूड तिथेच टाकून पुढे जायचे. रान इतके उजाड होऊ लागले की व्हिक्टोरिया सरकारने 1878 मध्ये वॉटलच्या सालीची चौकशी करायला मंडळ नेमले. सिडनीच्या तंत्रवस्तुसंग्रहालयाचे जोसेफ मेडन यांनी 1890 मध्ये वॉटल आणि त्यांच्या सालींवर पुस्तकच लिहिले: कोणती जात लावावी, किती वर्षांनी सोलावी, कशी वाळवावी. शेतकऱ्याने वॉटलची लागवड करावी, पैसा मिळेल, असा त्यांचा सल्ला होता. प्रत्यक्षात तसे केले ते दक्षिण आफ्रिकेने. जॉन व्हँडरप्लँक याने 1864 मध्ये तिथल्या नाताळ वसाहतीत काळ्या वॉटलचे बी नेले होते, सावली आणि सरपणासाठी. 1880 च्या दशकात सालीची किंमत कळली आणि तिथे मळेच्या मळे उभे राहिले. पुढे जगभरचे चामडेवाले 'मिमोसा' नावाने जो अर्क विकत घेऊ लागले तो बहुतांशी आफ्रिकेतला, नंतर ब्राझीलमधलाही. ऑस्ट्रेलियातले कारखानेसुद्धा तोच मागवू लागले. निलगिरी आणि पलनीच्या डोंगरांतही इंग्रजांनी वॉटल आणून लावले. आज तिथले वनखाते ते उपटायच्या मागे आहे. आणि सोनेरी वॉटल 1 सप्टेंबर 1988 रोजी ऑस्ट्रेलियाचे अधिकृत राष्ट्रीय पुष्प झाले, तोवर सालीचा व्यापार तिथे जवळजवळ संपलेला होता.

गुरे-मेंढ्या वाढल्या तसे कातड्याला तोटा राहिला नाही. 1840 च्या दशकात लोकरीचा भाव इतका कोसळला की मेंढ्या कढईत उकळून नुसती चरबी विकणे जास्त किफायतीचे ठरले. कातडी त्याबरोबर येतच होती. 1850 नंतर सोने सापडले, माणसे लोटली, त्यांना बूट हवे, घोड्यांना सामान हवे, गिरण्यांना पट्टे हवे. 1864 मध्ये मोरिट्झ मायकेलिस आणि त्याचा भाचा आयझॅक हॅलनस्टाइन यांनी मेलबर्नजवळ फुटस्क्रे येथे कारखाना घेतला आणि तो देशातल्या सर्वांत मोठ्या कारखान्यांत गेला. सिडनीत बॉटनीकडचा भाग, ॲडलेडमध्ये हिंडमार्श, मेलबर्नमध्ये यारा आणि मॅरिबिर्नाँग नद्यांचे काठ: जिथे वाहते पाणी आणि गरीब वस्ती, तिथे कातड्याचे हौद. चुन्यात भिजवून केस सैल करायचे, ओंडक्यावर टाकून दुहाती सुरीने खरवडायचे, कोंबड्या-कुत्र्यांच्या विष्ठेच्या पाण्यात मऊ करायचे, मग सालीच्या पातळ पाण्यापासून दाट पाण्यापर्यंत एकेका हौदात मुरवत न्यायचे. तळव्याच्या जाड चामड्याला वर्षभरसुद्धा लागे. सगळी घाण नदीत. त्या काळच्या मेलबर्नला नाक मुरडणाऱ्या इतर शहरांनी ठेवलेले टोपणनाव दुर्गंधीवरूनच होते.

मग क्रोम आले. 1884 मध्ये अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झने एकस्व घेतले, 1890 च्या दशकात मार्टिन डेनिसने पद्धत सोपी केली, आणि महिन्यांचे काम दिवसांवर आले. बुटाचे वरचे मऊ चामडे क्रोमचे झाले. सालीचे चामडे उरले तळवे, खोगिरे, पट्टे यांपुरते. आजही नवशिक्याला पहिला धडा हाच असतो: क्रोमचे चामडे पिशवीला आणि कपड्याला, पाणी लावून ठसा उमटवायचा, आकार द्यायचा, कडा घासून चमकवायची, तर सालीचेच हवे.

शहरात हौद आणि गिरण्या चालू असताना रानात वेगळाच कारभार होता. दुकान चारशे मैल लांब असले की माणूस बैलाच्या ताज्या, न कमावलेल्या कातड्यावरच भागवतो. केस खरवडून कातडे कापायचे, पिळायचे, चरबी चोळायची. त्याचे दोरखंड, पलंगाच्या विणी, दरवाजाच्या बिजागऱ्या, गाडीची डागडुजी. आपल्याकडच्या मोटेला नि नाड्याला जे कातडे लागे, त्याच्याशी हे काम नाते सांगते. अशा कच्च्या कातड्याला तिथे ग्रीनहाइड म्हणतात, आणि रानातल्या माणसाचा हुन्नर त्यावरून जोखला जाई.

नाजूक कामाला मात्र कांगारू. हे चामडे पातळ असून चिवट का, याचे उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली मिळते. गाईच्या कातड्यात तंतू उभे-आडवे गुंतलेले असतात, त्यामुळे ते तासून पातळ केले की ताकद झपाट्याने जाते. कांगारूच्या कातड्यात तंतू पृष्ठभागाला समांतर, एकसारखे पसरलेले; चरबी कमी. म्हणून त्याची मिलिमीटरभर जाडीची वादीसुद्धा ओढ सहन करते. गुराख्याचा लांब आसूड, स्टॉकव्हिप, या वाद्यांचाच. कातड्याच्या बाहेरच्या कडेपासून सुरुवात करून गोल गोल आत कापत गेले की एका कातड्यातून लांबच लांब वादी निघते. जुने कारागीर त्याला यंत्र वापरत नसत. धारदार सुरी, आणि रुंदी मापायला अंगठा. मग चार पेडी, आठ पेडी, बारा पेडी वेणी. आत जाड गाभा, टोकाकडे निमुळता होत जाणारा, शेवटी एक सुटा पट्टा आणि दोऱ्याचा फटाका. टोकाचा वेग आवाजाच्या वेगाला मागे टाकतो, तोच तो कडाड. 15 सप्टेंबर 2000 रोजी सिडनी ऑलिंपिकचे उद्घाटन एका एकट्या घोडेस्वाराने आसूड कडाडवून केले, तेव्हा पाहणाऱ्या जगाला ती नाट्यमय सलामी वाटली. कांगारूच्या वाद्या विणलेल्यांना ती आपल्या धंद्याची जाहिरात वाटली असणार. इंडियाना जोन्सच्या चित्रपटांतला चाबूकही कांगारूच्याच चामड्याचा होता, पण विणणारा डेव्हिड मॉर्गन अमेरिकन.

घोडा होता तोवर खोगीरवाल्याला मरण नव्हते. ऑस्ट्रेलियन खोगीर खोलगट, पुढे मांडीला अडणाऱ्या उशा असलेले. दिवसभर डोंगरउतारावर गुरांमागे धावणाऱ्यासाठी घडलेले. न्यू साउथ वेल्सवरून 'वेलर' म्हटले जाणारे घोडे एकोणिसाव्या शतकात जहाजांनी कलकत्ता, मद्रास, मुंबईला उतरत आणि ब्रिटिश फौजेच्या घोडदळात भरती होत. उंट उलट दिशेने आले. 1860 मध्ये बर्क आणि विल्स यांच्या शोधमोहिमेसाठी जॉर्ज लँडेल्सने उंट जहाजात भरले ते कराचीहून, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. उंटांबरोबर आलेल्या उंटवाल्यांनी आपली ओझ्याची खोगिरेही आणली. विल्यम्स पोरवयात ज्या उंटांमागे चालला ते अशाच आयातीचे वंशज. पहिल्या महायुद्धात 1,30,000 च्या आसपास घोडे परदेशी गेले आणि त्यांच्या सामानासाठी सरकारने मेलबर्नच्या क्लिफ्टन हिलमध्ये स्वतःचा कारखाना आधीच काढून ठेवला होता. ती चर्मकारांची शेवटची मोठी सुगी.

मोटार आली आणि खोगीरवाले हवालदिल झाले. त्यातल्या एकाचे काय झाले, हे मराठी वाचकाने दर हिवाळ्यात टीव्हीवर पाहिलेले आहे. आल्फ्रेड ग्रेस थॉम्पसन हा इंग्लंडहून आलेला घोड्याच्या साजाचा कारागीर. त्याने 1890 मध्ये मेलबर्नला धंदा सुरू केला. साजाची मागणी आटू लागली तेव्हा तीच आरी, तोच मेणदोरा घेऊन तो क्रिकेटचे चेंडू शिवू लागला. त्या चेंडूचे नाव कुकाबुरा. त्याच्या सहा शिवणींपैकी मधल्या दोनच हाताच्या, बाहेरच्या चार यंत्राच्या, म्हणून ती लवकर बसते आणि फिरकीवाले कुरकुरतात. मेरठचा एसजी चेंडू पूर्ण हातशिलाईचा, त्याची शिवण टिकते. टॉमस शेरिननेही खोगिराचे काम जाणत 1879 च्या सुमारास मेलबर्नच्या कॉलिंगवुडमध्ये कारखाना काढला. ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा लांबट चेंडू आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. घोड्यावरून उतरलेले चामडे मैदानात गेले.

आता प्रश्न शिकण्याचा. कारखान्यात आणि खोगिराच्या दुकानात उमेदवारी करणारी मुले शिकत, ते एक. पण ज्याला हा पोटाचा धंदा करायचा नव्हता, अशा हौशी माणसासाठी दार उघडले ते बायकांनी. 1906 मध्ये सिडनीत कलाकुसरीची सोसायटी स्थापन झाली. तिच्या संस्थापकांतल्या आयरीन मॉर्ट यांनी इंग्लंडच्या गुलाबाऐवजी गमची, म्हणजे निलगिरीच्या जातीच्या झाडांची पाने, वाराटाची फुले, रानातले प्राणी कलाकुसरीत आणले. दोन युद्धांमधल्या काळात पुस्तकांची वेष्टने, हातपिशव्या, पाकिटे यांवर ओल्या चामड्यात उठाव काढलेली गमची फळे घरोघरी होती. 1922 मध्ये सुरू झालेल्या कंट्री विमेन्स असोसिएशनने हस्तकलेचे वर्ग खेड्यांत नेले. या कामाला पुढे 'बायकी' ठरवून संग्रहालयांनी बराच काळ दुर्लक्षित ठेवले, हा अन्यायच. विल्यम्सच्या शेडवर संग्रहालय झाले. त्या वर्गांतल्या बायकांची नावे कुठे लिहिलेली आहेत?

दुसरे दार इस्पितळाचे. दोन्ही महायुद्धांतून परतलेल्या जखमी सैनिकांना रेड क्रॉसच्या स्वयंसेविका खाटेवर बसवून पाकिटे शिवायला शिकवत. कडेने भोके पाडलेले तुकडे, गोल फिरवत ओवायची वादी. एक हात निकामी असला तरी जमेल असे काम. ज्यांचा चामड्याशी कधी संबंध आला नव्हता अशी कितीतरी घरे त्यातून या कलेला जोडली गेली. 1960 आणि 70 च्या दशकांत अमेरिकेच्या टँडी कंपनीची तयार संचपेटी आली: कापलेले तुकडे, ठसे, हातोडा, सूचनापत्र. तिच्याबरोबर अमेरिकन पद्धतीची फुलापानांची कोरणीही आली. 1977 मध्ये छापलेले अल स्टोलमन यांचे हातशिलाईचे पुस्तक ऑस्ट्रेलियातल्या शिकाऊंच्याही बाकावर पोहोचले.

रानातले देशी काम या लाटेत हरवले नाही, याचे श्रेय फार मोठ्या प्रमाणात एका माणसाचे. चित्रकार आणि लोकगीत-संग्राहक रॉन एडवर्ड्स. क्वीन्सलंडच्या कुरांडात राहून ते म्हाताऱ्या गुराख्यांकडे, आसूडवाल्यांकडे जात, त्यांचे हात पाहून रेखाचित्रे काढत आणि आपल्याच 'रॅम्स स्कल प्रेस'तर्फे छापत. कच्च्या कातड्याचा दोरखंड कसा वळायचा, आसूडाचा गाभा कसा निमुळता करायचा, कोणती गाठ कुठे. तोंडी चाललेले सगळे त्यांनी रेषांत पकडले. एडवर्ड्स 2008 मध्ये गेले. डॉलर मिकची गाठ पडण्याचे भाग्य ज्याच्या नशिबी नाही त्याला त्यांची पुस्तके उपयोगी पडतात. पुस्तकी ज्ञानाला नावे ठेवणारे कारागीरही ती चाळताना दिसतात म्हणतात.

कसब असे वेगवेगळ्या हातांनी तगले, तर चामडे? 1973 च्या जुलैत व्हिटलम सरकारने सगळ्या आयातशुल्कांत एका फटक्यात 25 टक्के कपात केली. बुटांचे कारखाने आधीच थकलेले होते. पुढच्या दोन-तीन दशकांत एकामागून एक बंद पडले किंवा आशियात गेले. त्यांच्याबरोबर शहरांतले चामड्याचे कारखानेही गेले, सांडपाण्याचे नियम कडक झाले ते वेगळेच. 1870 पासून होबार्टची ओळख असलेल्या ब्लंडस्टोनने 2007 मध्ये आपल्या चामडी बुटांचे उत्पादन भारत आणि थायलंडला हलवायचे जाहीर केले. आज ऑस्ट्रेलियात कापल्या जाणाऱ्या गुरांची बहुतेक कातडी मीठ लावून किंवा क्रोमच्या पहिल्या निळ्या अवस्थेत परदेशी रवाना होतात. तिथे त्यांचे चामडे होते. त्यातले काही पुन्हा समुद्र ओलांडून मेलबर्नच्या दुकानात येते आणि इटालियन म्हणून विकले जाते.

कांगारूची कथा निराळी. कांगारू पाळले जात नाहीत. परवानाधारक शिकारी रानातल्या कळपांतून मारतात आणि राज्ये वर्षाचा कोटा ठरवतात. समर्थक म्हणतात की कुंपणात कोंडलेल्या गाईपेक्षा हे बरे. विरोधक रात्री मारल्या जाणाऱ्या मादीच्या पोटपिशवीतल्या पिलाकडे बोट दाखवतात. कॅलिफोर्नियाने या चामड्यावर 1970 च्या दशकातच बंदी घातली, मधली काही वर्षे उठवली आणि पुन्हा आणली. फुटबॉलच्या बुटांत हे चामडे पिढ्यानपिढ्या होते. 2023 मध्ये पुमा आणि नाइकी यांनी ते वापरणे थांबवत असल्याचे सांगितले. मोठे गिऱ्हाईक गेले. आसूड विणणारे राहिले, पण त्यांना लागते किती?

सिडनी-मेलबर्नमध्ये आता मराठी घरेही पुष्कळ आहेत आणि सुट्टीच्या दिवशी काही तरी हाताने करावे म्हणणारेही. त्यांच्यासाठी दुकानातली भाषा थोडी समजून घेण्यासारखी आहे. देश 1970 च्या दशकात मेट्रिक झाला, पण अमेरिकन चामड्याची जाडी अजून औंसात सांगितली जाते. एक औंस म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, सुमारे 0.4 मिलिमीटर, आठ औंसांचे चामडे तीन मिलिमीटरहून थोडे जाड, कमरेच्या पट्ट्याला योग्य. अख्खी बाजू घ्यायची गरज नाही. खांद्याचा भाग पहिल्या कामाला पुरतो. पोटाचा भाग स्वस्त पण सैल, ओढला की लांबतो, पट्ट्याला घेऊ नये. कांगारूचे कातडे चौरस डेसिमीटरवर विकतात आणि एक कातडे साधारण अर्ध्या चौरस मीटरचे. पहिला आसूड त्याचा विणायचा मोह टाळावा. हात बसेपर्यंत गाईच्या वाद्या बऱ्या. शिलाई दोन सुयांची, एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना एकेक, खोगीरवाले घालत तीच: एक टाका तुटला तरी शेजारचे धरून राहतात, यंत्राची शिवण मात्र सरसर उसवते.

आणि पैसे देण्यापूर्वी दुकानदाराला दोन प्रश्न जरूर विचारावेत: कातडे कुठले, आणि ते कमावले कुठे? पहिल्याचे उत्तर अनेकदा ऑस्ट्रेलिया येईल. दुसऱ्याचे तसे आले तर थोडे जास्त पैसे पडले तरी तेच घ्यावे, कारण तिथे अजून चालू असलेले मोजके कारखाने अशा गिऱ्हाइकांवरच उभे आहेत.